शेवंताबाईंचा उन्हाचा डबा

जरा बोट सांभाळा! माझी कडी कुणालाही चिमटा काढल्याशिवाय उघडत नाही. यात माझा काही दोष नाही. निपाणीच्या बाजारात दुकानदाराने मला फरशीवर आपटून "बघा कसा दणकट हाय" म्हणून दाखवलं, तेव्हापासून ती जराशी तिरकी आहे. मी चार कप्प्यांचा स्टीलचा डबा बोलतोय. झाकणावर पोचा आहे, बुडाला टेकू दिल्याशिवाय सरळ उभा राहत नाही, पण अंगावर नाव अजून स्वच्छ वाचता येतं: सौ. शेवंताबाई देवाप्पा कांबळे, निपाणी.

हे नाव देवाप्पांनी घालून घेतलं. लग्नानंतर शेवंताबाई तंबाखूच्या वखारीत कामाला जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी मला विकत आणलं. नाव घालणाऱ्याने विचारलं, "बाईचं एकटीचंच घालू का?" देवाप्पा म्हणाले, "माझं बी घाल रं. निदान डब्यावर तरी तिच्या शेजारी बसाय मिळंल." तेव्हापासून ते दोघं माझ्या पोटावर शेजारी शेजारी बसलेले आहेत.

वखार म्हणजे वर पत्रा आणि आत तंबाखूची धूळ. चैत्र लागला की आत भट्टी पेटायची. बाया खोकायच्या, डोळे चोळायच्या आणि दुपार कधी होते याची वाट बघायच्या. दुपारी मला उघडलं की आजूबाजूच्या बाया माना वळवायच्या, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आता थोडी बढाई आहे, पण खोटं काही नाही.

कारण उन्हात काय न्यायचं याचं शेवंताबाईंचं एक शास्त्रच होतं. खोबरं घातलेलं काही न्यायचं नाही, उन्हात ते आंबतं. बटाट्याची भाजी तर अजिबात नाही. काकडी कापून न्यायची नाही, तिचं पाणी सुटून डब्यातच तिचं लोणचं होतं; अख्खी न्यायची, मिठाची पुडी वेगळी, आणि खायच्या वेळी दाताखाली धरून कडाकडा मोडायची. सकाळी मऊ भातात दूध घालून वर चमचाभरच दही घालायचं. मग दुपारपर्यंत माझ्या पोटात त्याचा आपोआप दहीभात होतो आणि आंबटही होत नाही. तळच्या कप्प्यात जोंधळ्याची दाटसर आंबील, प्यायच्या वेळी ताक घालून पातळ करायला. वरच्या कप्प्यात ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, शेंगा आणि गुळाचा खडा. "चक्कर आली तर गूळ, तहान लागली तर आंबील, आन् राग आला तर शेंगा सोलत बसायच्या," असं त्या म्हणायच्या. शेवटी मला ओल्या फडक्यात गुंडाळायचं. त्या ओल्या फडक्याचं सुख काय असतं ते मला विचारा.

शास्त्राच्या जोडीला एक रीतही होती. एकीचा डबा दुसरीकडे गेला, तर तो रिकामा परत द्यायचा नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, साखर नसली तर चार दाणे. रिकामा डबा परत देणं म्हणजे "आता पुन्हा पाठवू नकोस" असं तोंडावर सांगणं. वखारीतल्या सगळ्याजणी ही रीत पाळायच्या, आणि माझ्या पोटात कितीतरी घरांचे चार चार दाणे वाजले आहेत.

फक्त एकदा रीत मोडली. वखारीच्या मुकादमाच्या घरी सून बाळंत झाली होती. शेवंताबाईंनी हौसेने आळिवाचे लाडू केले आणि माझ्यातून पाठवले. मी त्या घराच्या पडवीत बराच वेळ बसून होतो. मग कुणीतरी लाडू उचलले आणि मागच्या गोठ्यात म्हशीपुढे टाकले. म्हैस लई खूश झाली. मला मात्र राखेने घासलं, लख्ख धुतलं आणि रिकामंच परत पाठवलं. शेवंताबाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा लावलं. कुणाच्या हातचं खायचं नाही हे त्या घराने एकही शब्द न बोलता सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी शेंगासुद्धा सोलल्या नाहीत. मला बोलता येत असतं तर मी निदान म्हशीचं मत त्यांच्या कानावर घातलं असतं.

दिवस पालटले. वखार सुटली, मुलगी शिकली, मुलगा नोकरीला लागला. घरात रंगीबेरंगी प्लास्टिकचे डबे आले. ते वजनाला हलके आणि स्वभावाने त्याहून हलके. कालच्या सांबाराचा वास उद्यापर्यंत धरून ठेवतात. मला माळ्यावर टाकलं. बरीच वर्षं माझ्या पोटात जुनी बटणं आणि एक बंद पडलेलं घड्याळ होतं.

मला खाली काढलं ते रचनानं. रचना म्हणजे शेवंताबाईंची लेक, इंजिनियर. बेळगावात नोकरी लागली, तीही भर उन्हात रस्त्यांच्या कामावर उभं राहायची. पहिल्याच उन्हाळ्यात बाहेरचं खाऊन ती आजारी पडली. तेव्हा शेवंताबाईंनी बटणं ओतली, मला चिंचेने घासलं आणि लेकीच्या हातात दिलं. "ह्यो घे. ह्यो तुला आजारी पडू द्याचा न्हाई." इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. मला भरून आलं, म्हणजे नंतर भरलंच.

रचना बेळगावजवळच्या येळ्ळूरला मारुतीरावांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. मारुतीराव फौंड्रीतून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी मनुबाई, आवाज पार वेशीपर्यंत जाणारा. आणि त्यांची कॉलेजातली मुलगी तेजस्वी, जी रचनाच्या खोलीत स्वतःच्या घरापेक्षा जास्त वेळ असायची. घर चांगलं होतं. रचना मारुतीरावांना आप्पा म्हणायची आणि मनुबाईंना काकू.

मारुतीरावांना साखरेचा आजार होता, आणि त्याहून मोठा आजार म्हणजे गोडाची आवड. डॉक्टरांनी गोड बंद केलं तेव्हा त्यांनी देवासमोर कानाला खडा लावला. मनुबाईंचा मात्र त्या खड्यावर भरवसा नव्हता. त्यांनी गूळसाखरेच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

या एप्रिलात शेवंताबाई लेकीकडे राहायला आल्या. घरमालकिणीला काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी माझ्यात आंबील, लसणीची चटणी आणि लाह्यांचं पीठ भरून मला खाली पाठवलं. मनुबाई उभ्या उभ्याच वाटीभर आंबील प्यायल्या आणि ओठावर आलेली पांढरी मिशी पुसत म्हणाल्या, "आगं बाई, पोटात गारवाच पडला की!" मी स्वतः ऐकलंय. मला साक्षीला कुणी बोलावलं नाही, म्हणून आज सांगतोय.

दुसऱ्या दिवशी मनुबाईंनी गव्हाची हुग्गी केली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर: कुटलेला गहू, गूळ, वेलची, आणि खाणाऱ्याचं भान हरपेल इतकं तूप. माझ्या तळच्या मोठ्या कप्प्यात त्यांनी ती काठोकाठ भरली, कडी लावली आणि मला नवऱ्याच्या हातात दिलं. "वर देऊन या. पाव्हणीला सांगा, गरम हाय तवर खा."

मनुबाईंनी शेजाऱ्याच्या मांजराच्या हाती दिलं असतं तरी बरं झालं असतं.

जिना घराच्या बाहेरून होता आणि जिन्याखाली एक अंधारी मोरी. मारुतीराव पहिल्या पायरीवर थांबले. मागे बघितलं, वर बघितलं. मग मोरीपाशी जाऊन बसले आणि त्यांनी माझी कडी उघडली. मी चिमटा काढला. त्यांनी बोट तोंडात घातलं, आणि तिथेच घात झाला, कारण तेच बोट नंतर हुग्गीत गेलं.

खरं सांगतो, त्यांना फक्त एक बोट चाटायचं होतं. पण एका बोटाने हुग्गीत खड्डा पडला. खड्डा दिसू नये म्हणून त्यांनी चहूबाजूंनी थोडी थोडी सारखी केली. सारखी केली तर कप्पा अर्धा दिसू लागला. "आता अर्धी कशी द्याची? मनी कद्रू हाय म्हंतील पाव्हणी," असं पुटपुटत बायकोची अब्रू राखण्यासाठी त्यांनी उरलेलीही संपवली. मग भानावर आले. कडांना तूप लागलेलं. त्यांनी नळ सोडला, मला आतून-बाहेरून धुतलं, धोतराच्या सोग्याने कोरडं केलं, वर गेले, रचनाच्या हातात मला देऊन "डबा" एवढंच म्हणाले आणि उतरले. खाली मनुबाईंनी विचारलं, "दिला का?" ते म्हणाले, "दिला." बघा, दोन्हीकडे एक अक्षर खोटं नाही.

वर शेवंताबाईंनी माझं झाकण उघडलं. एकेक कप्पा काढून बघितला. मी लख्ख होतो, कोरडा होतो आणि रिकामा होतो.

"धुऊन दिलाय," त्या हळूच म्हणाल्या.

"विसरल्या असतील आई," रचना म्हणाली.

"आठवणीनं धुतलाय की गं. इसरलेलं मानूस येवढं लख्ख घासतंय व्हय?" त्या खाटेवर बसल्या. मुकादमाच्या घरची गोष्ट त्यांनी लेकीला पहिल्यांदाच सांगितली. सांगताना आवाज चढला नाही, पण मी त्यांच्या मांडीवर होतो, माझं झाकण त्या पुन्हा पुन्हा उघडून लावत होत्या. "मला वाटलतं, आता तसं न्हाई. तू शिकलीस, चार लोकांत उठबस हाय. पण डबा त्योच की गं, आन् राख बी तीच."

मी ओरडत होतो, बायांनो, तूप लागलंय माझ्या कडीच्या फटीत, हुंगून बघा! पण डब्याचं ओरडणं म्हणजे कप्प्याला कप्पा लागून जरा खडखडलं, एवढंच. त्याच संध्याकाळी शेवंताबाई निपाणीच्या बसने निघून गेल्या.

इकडे मनुबाईही फुगल्या. एवढी तुपात भिजलेली हुग्गी पाठवली आणि पाहुणी एका शब्दाने बोलली नाही, उलट न सांगता निघून गेली! "शिकल्याली मान्सं," त्या भांडी आपटत म्हणायच्या, "तोंड उघडाय बी पैसं पडत्यात काय त्यास्नी?" रचना जिन्यात दिसली की त्या तुळशीला पाणी घालायला वळायच्या. रचनाही मान खाली घालून जायची. ती आता दुसरी खोली शोधू लागली होती. बेळगावच्या पलीकडे कंग्राळीत एक मिळाली. महिनाअखेर जायचं तिने ठरवलं आणि घरात फक्त तेजस्वीला सांगितलं. तेजस्वी रडली, कारण विचारलं, पण रचनानं कारण काही सांगितलं नाही.

दोन बाया फुगलेल्या आणि मधे एक माणूस सुकत चाललेला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मारुतीराव गोड काय, तिखटही धड खाईनात. मी रोज सकाळी रचनाच्या खांद्याला लटकत त्यांच्यासमोरून जायचो आणि ते माझ्याकडे पोलिसाकडे बघावं तसे बघायचे.

मे महिन्यात एका रविवारी सगळ्यांनी येळ्ळूरच्याच राजहंसगडावर जायचं फार आधीच ठरलं होतं. रचनाला जायचं नव्हतं. तेजस्वी पायच धरून बसली. "ताई, जायच्या आधी एकदाच. माझ्यासाठी." तेव्हा ती तयार झाली. पहाटे उठून तिने मला आईच्या शास्त्राप्रमाणे भरलं, दूधभात, आंबील, काकड्या, लाह्या, गूळ, ताकाची बाटली वेगळी, आणि मला ओल्या फडक्यात बांधलं. खाली तेजस्वीनेही आपली पिशवी भरली: चॉकलेट, क्रीमची बिस्किटं, बटाटा वेफर्स आणि रंगीत सोड्याची मोठी बाटली. रचना मला घेऊन अंगणातून गेली तेव्हा मारुतीराव न्याहारीला बसले होते. माझ्यावर नजर पडली आणि त्यांचा घास हातातच राहिला. साखर उतरवायची गोळी मात्र त्यांनी आधीच घेतली होती. भाकरी ताटात तशीच ठेवून ते उठले. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

खाली गाड्या लावून गड पायी चढायचा, असा तेजस्वीचा हट्ट. ऊन असं की दगडावर पापड भाजावा. अर्ध्या वाटेवर झाडाची सावली दिसली तेव्हा सगळे टेकले. मनुबाई एका दगडावर आणि रचना दुसऱ्या दगडावर. मधे तेजस्वी आणि तिची पिशवी. पिशवी उघडली तर चॉकलेटचं पातळ कालवण झालेलं, त्यात बिस्किटांचं क्रीम मिसळलेलं. वेफर्स खाऊन तहान लागली म्हणून तिने सोड्याची बाटली उघडली. चढताना ती इतकी हिंदकळली होती की फसफसून निम्मा सोडा मनुबाईंच्या पदरावर आणि उरलेला मातीत. माझ्या ओल्या फडक्याआडून मी सगळं बघत होतो. मला हसू आलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

एवढ्यात मारुतीराव मागून आले. चालताना झोकांड्या जात होत्या. कपाळावर घामाच्या धारा, हात थरथरत होते, आणि ते काहीतरी भलतंच बोलत होते. "फरनेस बंद करा रं, फरनेस..." असं म्हणत ते खालीच बसले.

"आवो! काय होतंय?" मनुबाई किंचाळल्या. तो एरवीचा आवाज राहिलाच नाही, नुसती भीती होती.

रचना धावली. तिच्या वडलांनाही साखर आहे. तिला हे नवं नव्हतं. "काकू, साखर उतरलीय. आप्पा, सकाळी खाल्लं का?" तिने माझी कडी एका झटक्यात उघडली. माझ्या साऱ्या आयुष्यात त्या दिवशी मात्र मी चिमटा काढला नाही. तिने गुळाचा खडा काढून झाकणात पाण्यात कुस्करला आणि झाकण मनुबाईंच्या हातात दिलं. "घोट घोट पाजा. लवकर."

मनुबाई क्षणभर झाकणाकडे बघत राहिल्या. ज्या माणसापासून गूळ कुलपात ठेवला, त्यालाच तो स्वतःच्या हाताने पाजायचा! मग डोळ्यातलं पाणी खांद्याला पुसत त्यांनी झाकण नवऱ्याच्या तोंडाला लावलं. "प्या. आज प्या वो. सगळा गूळ प्या."

थोड्या वेळाने मारुतीरावांच्या डोळ्यांत ओळख आली. रचनानं त्यांना थंडगार दहीभात भरवला. तिसऱ्या घासाला त्यांनी कप्प्याकडे बघितलं, माझ्या अंगावरचं नाव वाचलं, आणि तो मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.

"ह्यो डबा माझ्या म्होरं आणू नका. हुग्गी म्याच खाल्ली," ते म्हणाले.

"कसली हुग्गी?" रचनानं विचारलं.

मग सगळं बाहेर आलं: मोरी, बोट, खड्डा, सारखं करणं, नळ, धोतराचा सोगा. तेजस्वीला हसू आवरेना. मनुबाईंचा चेहरा लाल, पांढरा, पुन्हा लाल झाला. पण रचना हसली नाही.

"आप्पा, खाल्ली ते खाल्ली," ती म्हणाली, "पण धुतला कशाला? कडेला शितं राहिली असती तर आईला कळलं असतं. धुतलेला बघून तिला वाटलं, तुमच्या घरात आमच्या हातचं चालत नाही. ती रडत गेलीय इथून. मी कंग्राळीला खोली बघितलीय."

मारुतीरावांनी दहीभाताचा कप्पा बाजूला सारला. चोरी लपवायला मला धुतलं आणि त्या धुण्यानेच एका बाईचं काळीज सोलून निघालं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मनुबाई रचनाकडे वळल्या. "मग तू खाली येऊन भांडली का न्हाईस माझ्यासंगं?"

"भांडायला हक्क लागतो, काकू."

"कवापासनं? भाडेकरू भांडत्यातच की. त्याला कुणाचा हक्क लागतोय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "तुझ्या आईचं चुकलं न्हाई गं. माझी सासू असती तर तिनं कपबशी येगळी ठेवली असती. ठेवलीच असती. म्या न्हाई ठेवली. पण त्ये तुमास्नी कसं वळकाय येनार? कपाळावर लिवलेलं असतंय व्हय?" आणि त्यांनी माझ्या तळच्या कप्प्यातली आंबील उचलली, ताक घातलं, तशीच तोंडाला लावली. अर्धी पिऊन कप्पा रचनापुढे धरला. "घे. उष्टं हाय माझं. चालतंय न्हवं तुला?"

रचनानं कप्पा घेतला. आता ती हसत होती आणि रडतही होती, आणि मलाही आतून ओलं ओलं वाटत होतं, आंबील असेल. गडावरचं देऊळ त्या दिवशी कुणी बघितलंच नाही.

पुढच्याच रविवारी मनुबाईंनी पुन्हा हुग्गी केली. या वेळी मी कुणाच्याही हाती दिला गेलो नाही. बेळगाव-निपाणी बसमध्ये मनुबाईंनी मला पोटाशी धरलं, कडीवर तळहात ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, "हात गुडघ्यावर. दोन्ही." मारुतीराव निपाणी येईपर्यंत तसेच बसले.

शेवंताबाईंना रचनानं फोनवर सगळं सांगितलं होतं. ऐकून त्या देवाप्पांना उठवून पुन्हा सांगत हसल्या होत्या. तरी दारात पाहुणे बघून त्या बावरल्या. मनुबाईंनी मला पुढे केलं. "ह्यो घ्या. धुतलेला न्हाई, भरलेला हाय." शेवंताबाईंनी झाकण उघडलं. हुग्गीवर तूप तरंगत होतं. त्यांनी वाकून वास घेतला. मग बोटाने चाखून म्हणाल्या, "गूळ जरा कमीच पडलाय, मनुआक्का."

"बाई गं! चाखायच्या आदीच नावं ठेवतीस?" "चाखूनच ठेवली की!" आणि त्या दोघी अशा भांडायला लागल्या, गूळ किती, गहू किती भिजवायचा, आंबिलीत लसूण आधी की नंतर, की मला कळलं, आता रचनाला खोली बदलायची गरज नाही. देवाप्पा आणि मारुतीराव अंगणात शेजारी बसून आपापल्या गोळ्यांची तुलना करत होते.

परतीच्या बसमध्ये मनुबाईंना डुलकी लागली. मी घसरून मारुतीरावांच्या मांडीवर आलो. संकेश्वर मागे पडलं, ऊन खिडकीतून आत येत होतं. त्यांनी बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गुडघ्यावरचा एक हात हळूच उठला आणि माझ्या कडीवर आला. मी असा कडकडून चिमटा काढला की त्यांनी ओठ दाबून धरले. तरी त्यांनी कडी उघडलीच.

वरच्या कप्प्यात एक अख्खी काकडी होती, शेजारी मिठाची पुडी. त्या दोघी भांडत असतानाच शेवंताबाईंनी मला भरलं होतं आणि झाकण लावताना मला हळूच म्हणाल्या होत्या, "वाटंत आप्पास्नी भूक लागंल. पैलं झाकण त्येच उघडत्यात."

मारुतीराव काकडीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती दातांनी कडाडून मोडली. आवाजाने मनुबाई दचकून उठल्या. "काय खाताय? दावा बघू!"

"माझंच हाय," मारुतीराव ताठ बसून म्हणाले. "पाव्हणीनं माझ्यासाठनं दिलंय."

हा झाला माझा वृत्तान्त. सध्या मी येळ्ळूरला असतो आणि निपाणीलाही. कडी तिरकीच आहे, झाकणावरचा पोचा वाढलाय. उन्हाळ्यात मला ओल्या फडक्यात गुंडाळून न्या, माझ्यात खोबरं घालू नका, काकडी कापू नका. आणि कुणाचा डबा तुमच्या घरी आला तर परत देताना त्यात काहीतरी घाला. चार दाणे चालतील, मिठाची पुडी चालेल. तेही नसलं तर निदान धुऊ नका, कडेला शितं राहू द्या. त्यावरून तरी कळेल की तुम्ही खाल्लंत.